नाण्यावरचा अंगठा

आमच्या वस्तीतील विहारात जयंतीच्या निमित्ताने एक लहानसे प्रदर्शन भरवण्याची प्रथा काही वर्षांपासून पडली आहे. जुनी पत्रके, जुने फोटो, वर्गणीच्या पावत्या, कुणाच्या आजोबांचे गिरणीतले ओळखपत्र, असे ज्याच्या घरी जे असेल ते आणून टेबलावर मांडायचे. तीन वर्षांपूर्वी आम्ही तेथे आमच्या घरचे १२५ रुपयांचे नाणे ठेवले होते.

हे नाणे पुष्कळांनी ऐकले असेल, पण पाहिले नसेल. बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीवर्षानिमित्त ६ डिसेंबर २०१५ रोजी भारत सरकारने दोन नाणी प्रकाशित केली, एक १० रुपयांचे आणि दुसरे १२५ रुपयांचे. १० चे नाणे बाजारात चालते. १२५ चे नाणे भाजीवाल्याकडे चालवायचे नसते. ते संग्रह करणाऱ्यांसाठी टांकसाळ स्वतः विकते. त्याचा व्यास ४४ मिलिमीटर आणि वजन ३५ ग्रॅम आहे. त्यात निम्मी चांदी, ४० टक्के तांबे आणि निकेल व जस्त प्रत्येकी ५ टक्के असतात. आमच्याकडचे नाणे 'प्रूफ' जातीचे आहे. अशा नाण्यासाठी कोरा चकता आणि छापाचा ठसा, दोन्ही मुद्दाम घासूनपुसून चकचकीत करतात आणि छापही एकापेक्षा अधिक वेळा मारतात. त्यामुळे चित्राभोवतीचा सपाट भाग आरशासारखा होतो. आम्ही कारकून माणूस. पगारातून पैसे बाजूला काढून ते घेतले, म्हणून त्याचे अप्रूप जरा जास्तच.

नाणे पारदर्शक डबीत होते. पण विहारातील ट्यूबलाइट डबीवर चमकत होती आणि मुलांना चेहरा नीट दिसत नव्हता. म्हणून आम्हीच डबी उघडली आणि नाणे बाहेर काढून दाखवले. मग काय, ते हातोहात फिरले. कुणी कपाळाला लावले, कुणी मुलाच्या तळहातावर ठेवून फोटो काढला. आम्हाला आनंदच वाटला. संध्याकाळी रुमालाने पुसून ते डबीत ठेवले आणि कपाटात बंद केले.

पावसाळा संपल्यावर कपाट आवरताना डबी काढली, तर चेहऱ्याशेजारच्या त्या आरशावर तपकिरी रंगाचा एक अंगठा उमटलेला! अगदी रेघ न् रेघ मोजता यावी असा. जयंतीच्या दिवशी तो दिसत नव्हता. कपाटात बंद असताना तो हळूहळू वर आला होता. आमचा पहिला विचार सांगायला लाज वाटते. 'लोकांना शिस्त म्हणून नाहीच' असे आम्ही घरात मोठ्याने बोललो. मुलीने भिंग आणले आणि म्हणाली, "बाबा, ह्या अंगठ्यावर आडवी रेघ आहे." आमच्या उजव्या अंगठ्यावर लहानपणी विळीने कापल्याची आडवी खूण आहे. ताडून पाहिले. अंगठा आमचाच होता. रुमालाने पुसल्यावर सगळे संपले असे समजून डबीत ठेवताना आम्हीच तो दाबला होता.

तेव्हापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. आपल्या घराघरांत अशी नाणी आहेत आणि प्रेमापोटीच ती खराब होत आहेत, हे दिसल्यावर या सदरात लिहायचे ठरवले.

बोटांच्या पेरांवर ज्या रेषा असतात, त्यांच्या माथ्यावर घामाची बारीक छिद्रे असतात. घामात बहुतांश पाणीच, पण सोबत मीठ, युरिया, लॅक्टिक आम्ल आणि अमिनो आम्ले असतात. तळहाताला आणि बोटांच्या आतल्या बाजूला तेलाच्या ग्रंथी नसतात. तेथे तेल येते ते चेहऱ्याला आणि केसांना हात लावल्यामुळे. आपल्याकडे खोबरेल तेल आहे आणि चटणीभाकर हातानेच खायची आहे, म्हणजे भर पडलीच. बोट नाण्यावर टेकले की रेषांच्या नकाशाप्रमाणे हे सर्व धातूवर उतरते. पाणी उडून जाते, मीठ राहते. हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन पुन्हा ओले होते. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर वेगळे काय असते? ते खारे पाणी मग तांबे खाऊ लागते. आमच्या नाण्यात तांबे ४० टक्के. पावसाळ्यानेच आमचा अंगठा वर आणला होता.

धातूप्रमाणे फरक पडतो. सर्वांत नाजूक तांबे, मग कासे आणि पितळ. नव्या तांब्याच्या नाण्याचा लालसर रंग एका स्पर्शाने कायमचा डागाळू शकतो. चांदी मिठापेक्षा गंधकाने अधिक काळवंडते, पण ठसे तिच्यावरही बसतात. तांबे-निकेलचे नाणे बरेच सोसते. स्टेनलेस स्टीलची आजची नाणी आणि सोने यांना सहसा काही होत नाही.

घामाचा हा प्रताप किती खोल जातो, त्याचे एक उदाहरण वाचनात आले. इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनशायर पोलिसांचे शास्त्रज्ञ जॉन बाँड यांनी २००८ च्या सुमारास दाखवून दिले, की पितळी काडतुसावरून ठसा पुसून टाकला तरी घामातील क्षारांनी धातूवर केलेली झीज शिल्लक राहते आणि तिच्यावरून ठसा पुन्हा उभा करता येतो. गुन्हेगार पकडायला ही गोष्ट उपयोगाची. आम्हाला मात्र एवढेच कळले, की रुमालाने पुसणे म्हणजे ठसा जाणे नव्हे.

उलट रुमालाने दुसरेच नुकसान होते. छाप बसताना दाबाखाली धातू मधून कडेकडे वाहतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेघा पृष्ठभागावर राहतात. नव्या नाण्याला हलवले की उजेड फिरल्यासारखा दिसतो, तो या रेघांमुळे. पुसले की त्या रेघा मोडतात आणि केसासारखे बारीक ओरखडे पडतात. गेलेली झळाळी परत आणण्याचा उपाय कुणाकडेही नाही. आमच्या नाण्यावर तिरक्या प्रकाशात आजही त्या रुमालाचे ओरखडे दिसतात. बोलताना तोंडातून उडणारा थुंकीचा थेंबही पुढे काळा ठिपका होऊन बसतो, म्हणून जाणकार मंडळी उघड्या नाण्यावर वाकून बोलत नाहीत. आम्ही तर त्या दिवशी नाणे हातात धरून भाषण केले होते.

असो. पुढच्या वर्षी आम्ही हुशार झालो. नाणे मांडले आणि शेजारी जाड अक्षरांत पाटी लावली, 'कृपया हात लावू नये.'

आमच्या वस्तीत तात्या म्हणून एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. वय ऐंशीच्या पुढे. ते काठी टेकत आले, नातवाकडून पाटी वाचून घेतली आणि आमच्याकडे पाहून म्हणाले, "बाळा, आमचा जन्म गेला 'शिवू नको' ऐकण्यात. आता बाबासायबाच्या रुपयालाबी शिवायचं न्हाई व्हय?"

आम्ही निरुत्तर झालो. तात्यांना खुर्ची दिली, चहा दिला. मग ते सांगू लागले. लहानपणी गावच्या दुकानात मीठ-तेल आणायला आई त्यांना पाठवी. पैसा हातात द्यायचा नाही, पायरीवर ठेवायचा आणि मागे सरायचे. दुकानदार त्यावर पाणी शिंपडायचा आणि मग उचलून गल्ल्यात टाकायचा. मीठ वरून टाकायचा, ते पदरात झेलायचे. तात्या म्हणाले, "तवाचा पैसा भोकाचा व्हता. त्यो पाण्यानं शुद्ध व्हायचा. आमी न्हाई." १९४३ ते १९४७ या काळात मध्यभागी भोक असलेला काशाचा एक पैसा निघत असे, तो हा.

ज्यांनी हे भोगले त्यांच्यासमोर 'हात लावू नये' ही पाटी आम्ही कोणत्या तोंडाने लावली होती? पण नाणेही वाचवायचे होते. आम्ही तात्यांना आमच्या अंगठ्याचा तपकिरी ठसा दाखवला, भिंग दिले आणि तो कुणाचा आहे तेही सांगितले. ते खूप वेळ पाहत राहिले. म्हणाले, "म्हंजी घाम समद्यांचा सारकाच खातोय म्हण की." होय तात्या, सारखाच. त्या दुकानदाराच्या बोटांतही तेच मीठ होते. टांकसाळीतला कामगार असो की लाखोंची नाणी बाळगणारा संग्राहक, ज्याचे बोट सपाट भागावर टेकेल त्याचा ठसा उमटेल.

पाटी आम्ही तेव्हाच काढली. तिच्या जागी 'कडेने धरा' असे लिहिले आणि एका मुलीला शिकवून टेबलापाशी उभे केले. युक्ती सोपी आहे. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे. टेबलावर जाड मऊ कापड अंथरायचे, म्हणजे नाणे सुटलेच तर फरशीवर आपटून कडेला खोक पडणार नाही. मग नाणे अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये फक्त कडेवर पकडायचे, चाक धरल्यासारखे. चित्राला किंवा अक्षरांना बोट लागता कामा नये. सुती हातमोजे वापरणारेही आहेत, पण त्यात नाणे निसटते आणि मोजा मळका असेल तर तोच घासतो. आम्हाला तरी धुतलेले कोरडे हात बरे वाटले. शिवाय एका बशीत १० रुपयांचे ते २०१५ चे नाणे ठेवले. ते ज्याने त्याने हवे तसे हाताळावे, कपाळाला लावावे. चलनातले नाणे हातांसाठीच असते.

आता घरच्या दुसऱ्या नाण्याविषयी. १९९० साली, बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले त्याच वर्षी, जन्मशताब्दीनिमित्त सरकारने त्यांच्या प्रतिमेचा एक रुपया काढला. तांबे-निकेलचा, ६ ग्रॅमचा. आम्ही तेव्हा शाळेत होतो. आमच्या वडिलांना तो पगाराच्या सुट्या पैशांत मिळाला. त्यांनी तो खर्च केला नाही. घरी आणून आईच्या हातावर ठेवला. आईने तो फोटोसमोर ठेवला आणि दर १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला आणि बुद्धपौर्णिमेला चुलीच्या राखेने, पुढे चूल गेल्यावर भांड्यांच्या पावडरीने तो घासला. मेणबत्तीचे मेण सांडले तर नखाने खरवडले. तीस वर्षांत त्या रुपयावरचा चेहरा सपाट झाला. नाक गेले, केसांच्या रेषा गेल्या. कडेची अक्षरे बोटाने चाचपूनच वाचायची. संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत एक रुपया. आई आता नाही. तो रुपया आम्ही जसा आहे तसाच ठेवला आहे आणि त्याबद्दल आईला दोष देणारे एक अक्षरही आम्ही लिहिणार नाही. पण तोच रुपया ज्यांच्या घरी अजून उठावदार आहे, त्यांना सांगणे भाग आहे, की आता घासू नका. चिंच, लिंबू, राख, दंतमंजन, सोडा यांपैकी काहीही नको. आम्ल धातूचा वरचा थर विरघळवते आणि पावडर त्याला खरवडते. भांडे आपण दर आठवड्याला घासतो कारण त्यावर अक्षरे नसतात.

घासण्याचा फटका पैशातही बसतो. आमच्या शेजारच्या मावशींच्या सासऱ्यांनी राणीछाप चांदीचे काही रुपये ठेवले होते. नातीच्या नर्सिंगच्या फीसाठी ते मोडायचे ठरले. चांगले दिसावेत म्हणून मावशींनी आदल्या रात्री चिंचेच्या कोळाने लखलखीत केले. दुकानदाराने भिंगाखाली धरले आणि सरळ काट्यावर टाकले. म्हणाला, घासलेले आहेत, चांदीचा भाव देतो. व्हिक्टोरियाच्या रुपयात ११.६६ ग्रॅम वजन आणि सुमारे ९१.७ टक्के चांदी असते, तेवढ्याचेच पैसे मिळाले. त्यातले एखादे नाणे दुर्मिळ वर्षाचे होते की काय, ते पाहण्याची संधीच मावशींनी घासून घालवली. वरचा काळसर थर तसाच असता तर निदान तिथे घासाघीस तरी करता आली असती.

हेही सांगून ठेवतो, की आमच्या घरचा १९९० चा रुपया काही दुर्मिळ नाही. तो विपुल प्रमाणात निघाला होता. 'हे नाणे असेल तर लाखो रुपये मिळवा' असे निरोप मोबाइलवर फिरतात आणि नोंदणीसाठी आधी पैसे मागतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच जाहीर निवेदन काढून सांगितले, की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही आणि ती असे कमिशन कधीही मागत नाही. आमच्याकडे या कारणाने गाऱ्हाणे घेऊन आलेले लोक आहेत. ज्यांनी 'रुपयाचा प्रश्न' या विषयावर १९२३ साली ग्रंथ लिहिला, त्यांच्याच चेहऱ्याचा रुपया दाखवून गरिबाला लुटावे, याचा संताप येतो. दुसरे म्हणजे नाण्याला भोक पाडून गळ्यात घालण्याची हौस. २०११ च्या नाणे कायद्याने नाणी वितळवणे वा नष्ट करणे मना आहे. गळ्यात घालायला पदके मिळतात, नाण्याच्या वाटेला जाऊ नये हे बरे.

ठसा ताजा असेल तर उपाय आहे. नाणे काचेच्या वाटीत डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही मिनिटे ठेवावे, हे पाणी औषधांच्या दुकानात किंवा बॅटरीवाल्याकडे मिळते. त्याने मीठ विरघळते. नंतर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवावे, म्हणजे तेल निघते आणि पाणीही. न घासता, मऊ कापडावर उभेआडवे करून हवेत वाळू द्यावे. नखांचा रंग काढायचे द्रावण वापरू नये, त्यात सुगंध आणि तेले मिसळलेली असतात. ॲसिटोन क्षणात पेट घेते. स्वयंपाकघरात, निरांजन-मेणबत्तीजवळ किंवा मुलांसमोर हा उद्योग करायचा नाही, खिडक्या उघड्या हव्यात. आणि ठसा एकदा तपकिरी होऊन धातूत उतरला असेल, आमच्यासारखा, तर काही करू नये. त्याला काढायला जाणे म्हणजे नाणेच झिजवणे.

ठेवण्याबाबतही आपण चुकतो. मऊ, नव्या रेनकोटसारखा वास येणाऱ्या प्लास्टिकची पाकिटे असतात, ती पीव्हीसीची. काही वर्षांनी त्यातून चिकट हिरवा मळ सुटतो आणि नाण्यावर बसतो. पॉलिएस्टर म्हणजे मायलरच्या खिडकीची पुठ्ठ्याची चौकट किंवा कडक पारदर्शक डबी चांगली. रबर बँड तर मुळीच नको, त्यातील गंधक चांदीवर काळा पट्टा उमटवते. वर्तमानपत्राच्या कागदात, आमच्या या साप्ताहिकाच्या कागदातसुद्धा, नाणे गुंडाळू नये. डबीत औषधांच्या बाटलीत येते तशी सिलिका जेलची पुडी टाकावी आणि पावसाळ्यात बदलावी.

ज्यांना अधिक पाहायचे असेल त्यांनी मुंबईच्या फोर्टमधील रिझर्व्ह बँकेच्या चलन संग्रहालयात मुलांना न्यावे. ते २००४ साली उघडले. शतकानुशतके हातोहात फिरलेली नाणी तेथे काचेआड आहेत. नाशिकजवळ अंजनेरीला तर नाणेशास्त्राच्या संशोधनाची स्वतंत्र संस्थाच आहे.

यंदाच्या जयंतीला तात्या पुन्हा आले होते. हात धुण्यासाठी आम्ही विहाराच्या दारात बादली आणि साबण ठेवला होता. त्यांनी काठी नातवाकडे दिली, हात धुतले, धोतराला न पुसता वाऱ्यावर वाळवले. मग १२५ चे नाणे दोन बोटांत कडेने धरून भिंगाखाली फिरवत राहिले. बोटे थरथरत होती, म्हणून आमच्या मुलीने खाली कापड धरले होते. त्यांच्यामागे रांग थांबली होती. तात्यांनी नाणे डबीत ठेवले आणि मुलीला विचारले, "लागलं का गं कुठं?" तिने तिरपे धरून पाहिले आणि म्हणाली, "नाही आजोबा. हा आहे तो बाबांचाच."